आरतीला उभी राहणारी गाय

बेंबळीत कुणाकडं बाहेरगावचा पाहुणा आला, की चहापाणी झाल्यावर त्याला दोन जागा दाखवायला नेत. एक देवीचं देऊळ आणि दुसरा तुळजाबाईंचा गोठा. देवळात पाहुणा हात जोडायचा आणि बाहेर यायचा. गोठ्याच्या दारात मात्र त्याला आधी चपला काढायला लागायच्या, कारण तुळजाबाईंचा तसा दंडकच होता. मग तो सरपंच असो नाहीतर दूध डेअरीचा साहेब.

गोठा होताही तसाच. खाली काळसर शहाबादी फरशी, इतकी घासलेली की गाईची सावली तीत दिसावी. तीन गव्हाणी एका ओळीत, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात देवीची तसबीर आणि तेलाचा दिवा. सकाळी धारा झाल्या की तुळजाबाई सगळी फरशी खराट्यानं घासून धुवायच्या आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा बादल्या भरभरून पाणी ओतायच्या. शेणाचा एक पो म्हणून फरशीवर दिसायचा नाही. ओल्या फरशीवर दिव्याचा उजेड पडला, की त्या पाट मांडून, पाटावर घडी घातलेलं जुनं लुगडं टाकून बसायच्या आणि एका हातानं घंटी वाजवत आरती म्हणायच्या.

पण पाहुणे यायचे ते फरशीसाठी नाही, गौरीसाठी. गौरी ही देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लांब आणि डोळे भरलेले. दुसऱ्या दोघी, हरणी आणि चांदी, जर्सी होत्या, दुधाला चांगल्या, पण त्यांची कीर्ती काही नव्हती. कीर्ती गौरीची. आरती चालू झाली की गौरी बसायची नाही. आरती संपली, नैवेद्य झाला, तुळजाबाई भजनाचे दोन अभंग म्हणून उठल्या, तरी ती आपली उभीच, कान टवकारून.

"जनावर न्हाय ते," शेजारच्या गजराबाई पाहुण्याला सांगायच्या. "मागच्या जन्मीचं कुणीतरी पुण्यवान माणूस हाय. आमच्या घरातली दोन पायांची आरतीला पाच मिनिटं उभी ऱ्हात न्हाईत, आन् ही बगा."

तुळजाबाई पदर डोक्यावर सारखा करायच्या, एवढंच. पण ते ऐकताना त्यांना जे वाटायचं, ते त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशानं कधी वाटलं नव्हतं.

या फरशीमागं एक दुखणं होतं. तुळजाबाई लग्न होऊन तेरखेड्याहून बेंबळीत आल्या, तेव्हा हा गोठा मातीचा होता, आणि पुढं कितीतरी वर्षं तो तसाच राहिला. पावसाळ्यात घोट्याएवढा राडा व्हायचा. गौरीची आई कपिला त्या राड्यात बसायची. बसून बसून तिच्या कासेला गाठ आली, कास सुजली, दुधात रक्त यायला लागलं. औषधं केली, नवस केले. कपिला गेली तेव्हा गौरी खुंट्याला बांधलेली एवढीशी कालवड होती. त्या दिवशी तुळजाबाईंनी देवीसमोर शब्द दिला, की हिला मी घाणीत बसू देणार नाही. नवरा बिभीषण ट्रॅक्टरमधून शहाबादी आणून उतरवायला लागला, तेव्हा एकेक फरशी त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसून गवंड्याच्या हातात दिली होती.

म्हणून दसऱ्याच्या सुमारास डेअरीकडून समृद्धी नावाची मुलगी तीन पट्टे घेऊन आली, तेव्हा तुळजाबाईंनी तिला दारातच थांबवलं. चपलांसाठी नव्हे, पट्ट्यांसाठी.

समृद्धी लोहाऱ्याची. पशुवैद्यकाची पदविका घेतलेली, स्कूटीवरून गावोगाव फिरणारी, उन्हानं रापलेली, हसरी मुलगी. डेअरीनं काही गोठे निवडले होते. तिथल्या जनावरांच्या गळ्यात पट्टा बांधायचा, पट्ट्याला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. गाय किती वेळ रवंथ करते, किती चालते, किती वेळ बसते, किती उभी राहते, सगळं ती डबी ओळखते आणि घरच्या मोबाइलवर दाखवते. जनावराला तोंड नाही, तर त्याचं दुखणं-खुपणं आधी कळावं, म्हणून ही सोय.

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधत्यात," तुळजाबाई म्हणाल्या. "माझ्या लक्ष्मीला कशाला?"

"अगं, तुझ्या गळ्यात न्हाय का मंगळसूत्र?" बिभीषण म्हणाला. "तसंच समज."

"मग तुमच्या गळ्यात काय हाय?"

"माझ्या गळ्यात तू हायीस की!"

समृद्धी खळखळून हसली, करिश्मानं तोंडाला पदर लावला. करिश्मा म्हणजे सून. मुलगा कुमार लोहाऱ्याच्या तहसिलीत कारकून, एसटीनं जाऊन-येऊन करणारा. त्यामुळं घरातला मोबाइल बघणारी म्हणजे करिश्माच. शेवटी हसण्यावारी का होईना, पट्टे बांधले गेले. तुळजाबाईंनी तिन्ही डब्यांना हळद-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं, तेव्हाच समृद्धीला जाऊ दिलं.

दिवाळीत त्या डबीनं तुळजाबाईंचं मन जिंकलं. त्यांचं माहेर तेरखेड्याचं. वडील धोंडीबा शोभेच्या दारूच्या कारखान्यात कामाला. लहानपणापासून आवाजाच्या फटाक्याचा तुळजाबाईंना तिटकारा, आणि आवाजानं जनावरं बिचकतात हे त्या गल्लीला दरवर्षी कानी-कपाळी ओरडून सांगायच्या. कुणी ऐकायचं नाही. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी करिश्मा मोबाइल घेऊन धावत आली.

"आत्या, बघा हो. काल फटाके वाजत होते तेवढा वेळ तिघींनीबी रवंथ केलं न्हाय. ही रेघ बघा कशी खाली पडलीय."

तुळजाबाईंनी चष्मा लावून ती रेघ पाहिली. मोबाइल हातात घेतला आणि थेट गजराबाईंच्या ओसरीवर गेल्या. तिथून पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या. गल्लीतल्या प्रत्येकाला ती पडलेली रेघ दाखवली. त्या दिवशी पाडवा असूनही संध्याकाळी गल्ली गप होती.

"डबी खोटं बोलत न्हाय," त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या आणि डब्यांना पुन्हा एकदा कुंकू लावलं.

थंडी पडायला लागली तशी डबी दुसरंच बोलायला लागली. गौरी बसत नाही. हरणी-चांदी थोड्या तरी बसतात, गौरी फारच कमी. निरोगी गाय दिवसातला निम्मा वेळ बसून घालवते, असं समृद्धीनं सांगितलं होतं. गौरीचं बसणं त्याच्या निम्म्यावरही येत नव्हतं. त्यात ती गाभण होती, होळीच्या आसपास व्यायची.

करिश्मानं हे सांगितलं तेव्हा तुळजाबाई ताक घुसळत होत्या. रवी थांबली नाही.

"ती आरतीला उभी असती म्हणून."

"आरती किती वेळ असती, आत्या? ही तर पार उजाडंपर्यंत..."

"डबीला काय कळतंय भक्तीतलं."

"दिवाळीला तर म्हणलात, डबी खोटं बोलत न्हाय."

"लई बोलू नगंस. ताक सांडंल."

पण त्या दिवसापासून त्या गौरीकडं चोरून बघायला लागल्या. आणि बघायला लागल्यावर जे दिसतं, ते दिसलंच. गौरी मागचा डावा पाय उचलून धरायची, पुन्हा टेकायची. बसायला म्हणून पुढचे गुडघे वाकवायची, मान खाली घालून फरशी हुंगायची आणि तशीच परत सरळ व्हायची. दोनदा, तीनदा. जशी एखादी म्हातारी बस थांबेल म्हणून पायरीपर्यंत जाते आणि गाडी पुढं निघून जाते.

समृद्धी आली. तिनं चपला काढल्या, अनवाणी गोठ्यात शिरली, आणि पहिल्याच पावलाला घसरली. गव्हाण धरली म्हणून वाचली. सावरून तिनं गौरीच्या मागच्या पायाचा सांधा दाबून पाहिला. लिंबाएवढी सूज होती, वरचे केस घासून गेले होते. खूर उचलून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "असा चकचकीत गोठा मी कुठं बघितला न्हाय. खरंच सांगते. पण गौरीला बसायचंय आणि बसता येत न्हाय. खाली दगड, त्यावर पाणी. बसली तर सांधा घासतोय, उठताना पाय घसरतोय. म्हणून ती बसायलाच भितीय."

तुळजाबाईंनी पायानं फरशीवरचं पाणी बाजूला सारलं.

"पोटात वासरू वाढतंय, वजन वाढतंय. असंच ऱ्हायलं तर पाय देईल दगा. वेताच्या टायमाला गाय आडवी झाली आन् उठलीच न्हाय तर मग..."

"मग काय करू? राड्यात बसवू?" तुळजाबाईंचा आवाज चढला. "कपिला राड्यातच गेली माझी. देवीला शब्द दिलाय म्या."

"राडा न्हाय मावशी. कोरडं. माती, भुसकट, मऊ कायतरी. धुणं वाईट न्हाय, ओल वाईट."

"औषध दे. लेप दे. फरशीचं बोलू नगंस."

समृद्धीनं औषध दिलं. तुळजाबाईंनी सुजेवर आंबेहळदीचा लेप लावला, देवीला पाच शुक्रवारांचे उपास बोलल्या. पण दिवेलागणीला फरशीवर बादलीनं पाणी ओतलंच. ओतताना पहिल्यांदाच त्यांनी गौरीच्या तोंडाकडं बघितलं नाही.

बिभीषण मध्ये पडला नाही. तो तसा कमी बोलणारा माणूस. फक्त एकदा जेवताना म्हणाला, "फरशी म्याच आणली व्हती. काढायची झाली तर काढायलाबी मीच हाय." तुळजाबाईंनी त्याच्या ताटात न मागता भाकरी वाढली आणि विषय तिथंच संपला.

मग आली येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आपल्या भागात दिवाळीहून मोठा सण. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळं गाव रानात. आदल्या दिवसापासून तुळजाबाईंच्या चुलीला उसंत नव्हती. अंबिलीचा माठ भरला, शेंगदाणे, वाटाणा, हरभऱ्याचा पाला आणि हाताला येतील तेवढ्या भाज्या घालून भज्जी केली, ज्वारीचे उंडे उकडले, गव्हाची खीर शिजवली. घरी मागं कुणीच राहणार नाही, म्हणून तिन्ही गाईंनाही रानात न्यायचं ठरलं. शेत गावाला लागूनच. गौरीला बिभीषणानं हळूहळू, थांबत-थांबत चालवत नेलं.

ज्वारी छातीला आलेली. मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीवजा कोप उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव मांडले होते. गाईंना बांधावरच्या बोरीखाली, नांगरून भुसभुशीत झालेल्या काळ्या रानात बांधलं. बिभीषण अंबील शिंपडत रानाला फेरी घालून आला. गजराबाईंची माणसंही शेजारच्याच रानात होती, त्यामुळं पूजेला त्याही आल्या. सोबत धाराशिवची त्यांची विहीणबाई होती, मुद्दाम गौरीला बघायला आणलेली.

"आता बगा हं," गजराबाई विहिणीला म्हणाल्या. "आरती चालू झाली की आमची गौरी कशी उभी ऱ्हाती."

तुळजाबाईंनी कोपीत दिवा लावला, घंटी घेतली आणि आरतीला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. दुसरं चाललं होतं, तेवढ्यात गौरीनं मातीला नाक लावलं, एक लांब श्वास घेतला, पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग एका कुशीवर सोडलं आणि बसली. नुसती बसली नाही, तर मान वळवून पोटाशी घेतली आणि डोळे मिटले.

विहीणबाई गजराबाईंच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "बसली की हो!"

तुळजाबाई कडव्याच्या मध्येच थांबल्या. बिभीषणानं पुढची ओळ उचलली, करिश्मानं टाळी धरली, आरती कशीबशी पुरी झाली.

जेवणं झाली. बाकीची माणसं बोरं वेचायला, हरभरा खायला पांगली. तुळजाबाई कोपीच्या तोंडाशी बसून राहिल्या. समोर गौरी. ऊन तिच्या पाठीवरून सरकत खाली आलं, सावली लांबली, तरी ती उठली नाही. रवंथ करत होती. जबडा संथ फिरत होता, मध्येच थांबायचा, गळ्यातून गोळा वर यायचा, पुन्हा फिरायचा. पोटातलं वासरू हललेलं वरून दिसत होतं.

करिश्मा शेजारी येऊन बसली. मोबाइल हातात होता, पण तिनं तो पुढं केला नाही.

"काय म्हणती डबी?" तुळजाबाईंनी आपणहून विचारलं.

"सकाळपासून जेवढी बसलीय ना आत्या, तेवढी घरी दोन दिवसांत बसत न्हाय."

"आरती चालू व्हती गं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, गौरीकडंच बघत, "एवढ्या दिवसात येक दिवस बसली न्हाय आरतीला... मी म्हणायची, ऐकतीय."

करिश्मानं सासूच्या पाटीतला उरलेला उंडा उचलला आणि गौरीला नेऊन दिला. गौरीनं तो बसल्या जागीच खाल्ला.

घरी आल्यावर तुळजाबाईंनी गाई लगेच आत घेतल्या नाहीत. अंगणात बांधायला लावल्या. दिवेलागण व्हायला अवकाश होता. त्या एकट्या गोठ्यात गेल्या, सवयीनं पाट मांडला, लुगड्याची घडी टाकली. मग पाटाकडं बघून थांबल्या. पाट उचलून भिंतीला उभा केला, बादलीभर पाणी गौरीच्या जागेवर ओतलं, रोजच्यासारखंच, आणि देवीला दंडवत घालायला तिथंच गुडघे टेकले.

गुडघ्यात अशी कळ गेली की तोंडातून "आई गं" निघालं. पालथ्या पडल्या, कपाळ टेकलं, गारवा लुगड्यातून अंगात शिरला. उठायला गेल्या तर तळहात घसरला. एकदा, दोनदा. शेवटी गव्हाण धरून, दात-ओठ खात त्या उभ्या राहिल्या. गुडघ्यावर लुगडं ओलंचिंब झालं होतं. कोनाड्यातल्या तसबिरीकडं बघून त्या हलक्या आवाजात बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाहेर आल्या तेव्हा बिभीषण गाईंना पाणी दाखवत होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "पहार कुठं हाय आपली?"

त्यानं त्यांच्या ओल्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि काही न विचारता पहार आणायला गेला.

गव्हाणीजवळ गाई उभ्या राहतात तेवढी फरशी ठेवली, मागची बसायची सगळी काढली. खाली मुरूम, त्यावर काळी कोरडी माती, वर सोयाबीनचं भुसकट आणि उन्हात वाळवून चुरलेलं शेण. समृद्धीनं येऊन उतार कसा ठेवायचा ते सांगितलं, म्हणजे मूत वाहून जाईल. तुळजाबाईंची घासायची खोड काही गेली नाही. आता त्या रोज शेणाचा पो पाटीत भरून लगेच बाहेर काढतात, ओलं झालेलं भुसकट बदलतात, आणि पाणी फक्त राहिलेल्या फरशीवर, तेही सकाळीच, उन्हात वाळेल असं. काढलेल्या फरश्यांतली एक तुळशीपुढं गेली, दोन नळाजवळ धुण्याला, बाकीच्या गजराबाईंनी ओसरीसाठी मागून नेल्या.

"देवीला दिलेल्या शब्दाचं काय गं मग?" नेताना त्यांनी विचारलंच.

"घाणीत बसू देणार न्हाय म्हणलं व्हतं म्या," तुळजाबाई म्हणाल्या. "बसूच देणार न्हाय आसं कुठं म्हणलं व्हतं?"

गौरी पहिले दोन-तीन दिवस भुसकट हुंगून उभीच राहिली. भीती एवढ्या लवकर जात नाही, असं समृद्धी म्हणाली. तुळजाबाई दर थोड्या वेळानं करिश्माला विचारायच्या, "काय म्हणती डबी?" आणि करिश्मा मान हलवायची. मग एका संध्याकाळी विचारायच्या आधीच करिश्मानं चुलीपुढून हाक मारली, "आत्या, बसली! रेघ बघा, बसली!" तुळजाबाई हातातली परात तशीच घेऊन गोठ्याच्या दाराशी गेल्या आणि आत न जाता, उंबऱ्याशीच थांबून बघत राहिल्या.

हळूहळू सूज उतरली, घासलेल्या जागी केस यायला लागले. होळीच्या आधी गौरी व्याली. भुसकटावर आडवी झाली, आणि वासराला चाटायला आपल्या पायांनी उठली. कालवड झाली, आईसारखीच ठिपक्यांची. तुळजाबाईंनी तिचं नाव कपिला ठेवलं.

बाहेरगावचे पाहुणे आता येत नाहीत असं नाही, पण कमी झाले. आलेच तर गजराबाई त्यांना सांगतात, "पूर्वी उभी ऱ्हायची आरतीला. आता बसून ऐकती." पाहुणा जरा निराश होतो. त्याला बसलेली गाय घरीही दिसत असते.

दिवेलागणीला तुळजाबाई अजून तिथंच बसतात. पाट मागं सरकवलाय, भुसकटाच्या कडेला. गौरी बहुतेक तोवर बसलेली असते, पोटाला टेकून कालवड झोपलेली. तुळजाबाई दिवा लावतात, हात जोडतात आणि घंटी उचलतात. पण ती वाजू नये म्हणून आतला लोलक बोटानं धरून ठेवतात आणि आरती हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच, म्हणतात. गौरी एक कान हलवते. उठत नाही.